'या' भागात म्हणजे नक्की कुठं?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. पेपरला पत्र लिहायची ही माझी दुसरी वेळ. पहिलं लिहिलं होतं पोस्टकार्डावर, आमच्या पेठेतल्या बोळातल्या बंद दिव्याबद्दल, तीन ओळींचं होतं, ते छापून आलं आणि आठवड्यात दिवा लागला. आता तसलं काही होईल अशी आशा नाही पण डोक्यात साचलंय ते कुठंतरी काढायला पाहिजे म्हणून मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्वदीर्घ तुमच्याकडचे मुद्रितशोधक अजून शिल्लक असतील तर त्यांनी बघून घ्यावं.

मी राहतो किरकटवाडीला. 30 जून 2021 ला जी 23 गावं पुणे महापालिकेत आली त्यातलं एक आमचं. पत्त्यात पुणे आलं, टॅक्स आला, पण पाणी, रस्ते आणि बातम्या या तीन गोष्टी अजून वाटेतच आहेत. पाण्याचं आणि रस्त्याचं रडगाणं सगळे गातात, मला बातम्यांचं बोलायचंय.

तर झालं असं की मध्यंतरी एका मंगळवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एक कार्ड आलं. वर कुठल्यातरी चॅनलचा लोगो, लाल पट्टी, खाली मोठ्या अक्षरात 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने'. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार आणि पाणी बंद हे शब्द शेजारी दिसले की पुढचं वाचायची गरज पडत नाही, हात आपोआप बादलीकडे जातो. बुधवारी सगळ्या बिल्डिंगने पिंपं भरली, कुकर, पातेली, नातवाचा प्लास्टिकचा टबसुद्धा भरला, वॉचमनने दोनदा मोटर लावली. गुरुवारी सकाळी पाणी आलं, नेहमीपेक्षा जास्त जोरात आलं, वरची टाकी वाहून जिन्यातून धबधबा सुरू झाला. मग एकाने शोधून काढलं की ते कार्ड दोन वर्षांपूर्वीचं, त्याच्यावर वार होता, वर्ष नव्हतं. सगळे हसले. आणि पुढच्या मंगळवारी परत तसंच कार्ड आलं तेव्हा कोणीच भरलं नाही, आता आम्ही हुशार झालो होतो ना, आणि त्या गुरुवारी खरोखरच थेंब आला नाही. टँकरवाल्याने तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि आम्ही तो दिला.

आता तुम्ही म्हणाल यात पेपरचा काय दोष, व्हॉट्सअपवर विश्वास ठेवला तुमची चूक. बरोबर आहे. म्हणून मी त्या दुसऱ्या मंगळवारी खात्री करायला बातम्यांच्या वेबसाईट उघडल्या होत्या. पहिल्याच लिंकवर हेडिंग होतं 'पुणेकरांनो, लक्ष द्या! गुरुवारी 'या' भागात पाणी नाही'. उघडलं. पहिला पॅरा, पुण्यात पाणीपुरवठा होतो, दुरुस्तीसाठी तो बंद ठेवला जातो. मधे बुटाची जाहिरात. दुसरा पॅरा, नागरिकांनी पाणी जपून वापरावं. मधे गुडघेदुखीचं तेल. मग 'हेही वाचा' म्हणून एका नटीचा घटस्फोट. मग तिसरा पॅरा, 'शहराच्या पश्चिम भागातील काही परिसरात' पाणी बंद राहील. संपली बातमी. तो 'या' शेवटपर्यंत सापडला नाही. महापालिकेच्या प्रेसनोटमध्ये टाकीनिहाय, गल्लीनिहाय यादी असते हो, मी पाहिलीये, बातमी करणाऱ्याने तीच नेमकी कापली कारण यादी दिसायला वाईट दिसते आणि ती दिली तर माणूस अर्ध्या मिनिटात आपलं नाव बघून निघून जाईल, मग बूट कोण बघणार.

हे 'या'चं प्रकरण कोणी सुरू केलं मला माहीत नाही पण मराठी ऑनलाईन बातम्यांना ती खरूज लागलीये. 'या' तारखेला बँका बंद. 'या' जिल्ह्यात पाऊस. 'या' रस्त्याने जाणार असाल तर सावधान. अहो, ज्या एका शब्दासाठी आम्ही बातमी उघडतो तोच शब्द काढून त्या जागी 'या' लिहायचं, म्हणजे वाण्याने पुडीवर 'आत काहीतरी आहे' लिहून देण्यासारखं झालं.

मी हे एवढं मनाला लावून घेतो त्याला कारण आहे. शाळेत असताना मी सहा वर्षं पेपर टाकलेत, साधारण 1979 ते 85. पहाटे साडेचारला चौकात गठ्ठे पडायचे, सुतळी तोडायची, थंडीत बोटं वाकडी झालेली, तशाच बोटांनी पुरवण्या भरायच्या, शाई लागून हात काळे, ते हात शाळेत लपवायचे. माझी लाईन होती शनिवार-नारायण पेठेची. कोण कुठला पेपर घेतो यावरून घर ओळखू यायचं. एका वाड्यात एक आजोबा दारातच उभे असायचे, पेपर हातात घेतला की पहिलं पान बघायचेच नाहीत, थेट आत 'आजचे कार्यक्रम' आणि त्याच्या बाजूला निधनवार्ता. एकदा मला म्हणाले, बाळ, दिल्लीत काय झालं ते संध्याकाळी रेडिओ सांगेल, पण अंत्ययात्रा नऊला कुणाकडून निघणार ते फक्त पेपर सांगतो. त्या वयात काही कळलं नाही, मी सायकलवर टांग टाकून गेलो पुढच्या घरी.

आता कळतं. पुण्यात 'केसरी' 1881 चा, तो मुख्यतः देशाचं बोलायचा आणि बोलायलाच पाहिजे होतं. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी 1932 च्या पहिल्या जानेवारीला 'सकाळ' काढला, त्यात त्यांनी गावच्या बारीकसारीक गोष्टींना बातमी मानलं, भाजीचे भाव हीसुद्धा बातमी. जुने लोक अजून सांगतात की पेपर वाचून मंडईत गेलं की फसवणूक व्हायची नाही. म्हणजे या शहराला स्थानिक बातमी म्हणजे काय हे बाहेरून कोणी येऊन शिकवायची गरज नव्हती, आपल्याकडंच ते पिकलं, आणि आता आपल्याकडंच नासतंय.

तुमचाच पेपर घ्या. वर्गणीदार आहे म्हणून हक्काने बोलतो. पहिल्या पानाआधी बिल्डरचं जॅकेट, ते काढलं की क्लासवाल्यांचं जॅकेट, मग पहिलं पान, त्यावर मुंबईत कोण कोणाला काय बोललं. शहराची पानं येतात पुढं, त्यावर निम्मं उद्घाटनं, सत्कार, 'यांच्या हस्ते'. त्यातसुद्धा शहर म्हणजे कोथरूड, डेक्कन, फार तर हडपसर-वाघोलीचं ट्रॅफिक. एवढी गावं आत घेतली, पण पानं काही तेवढी वाढली नाहीत, मग आमच्या वाट्याला येतं काय, तर 'सिंहगड रस्ता परिसर'. सिंहगड रस्ता दांडेकर पुलापासून सुरू होतो आणि खडकवासल्याच्या पुढं जातो, तो परिसर आहे की तालुका? आणि पेपर येतो पावणेआठला कारण लाईन टाकायला पोरं मिळत नाहीत, पाणी जातं साडेसातला. म्हणजे पाणी बंदची बातमी छापलीत तरी ती आम्हाला कोरड्या नळाखाली उभं राहून वाचायची.

टीव्हीबद्दल काय बोलणार. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर दिसतो. पूर्वी त्याच्याकडं बघून अँटेना फिरवायचो, संध्याकाळी सातला बातम्या लागायच्या, प्रदीप भिडेंचा तो शांत आवाज, आईला वाटायचं हा माणूस बोलतोय म्हणजे झालेलं असणारच. पुण्याच्या वाट्याला त्यात एखादी बातमी आली तर आली पण ती पूर्ण वाक्यात यायची. आता मराठीत इतकी चॅनलं आहेत, चोवीस तास चालू आहेत, दोन मिनिटात पन्नास बातम्या देतात, आणि पुणे दिसतं कधी तर मुठा नदीवरचा भिडे पूल बुडाल्यावर. अहो भिडे पूल दर पावसाळ्यात बुडतो, तो बुडण्यासाठीच बांधलाय असं आम्ही म्हणतो, पण चॅनलवर तो दिसला की बाहेर राहणाऱ्या मुलाचा फोन, बाबा पुण्यात पूर आलाय का. नाही रे बाबा, तो नेहमीचाच.

आणि खरा पूर आला तेव्हा? 25 जुलै 2024 ची पहाट. खडकवासल्यातून पाणी सोडलं, 35 हजार क्युसेकच्या घरात गेलं, नदीकाठच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पार्किंगमधल्या गाड्या तरंगताना बघत. सकाळी सगळी चॅनलं आली, बोटीत बसून लाईव्ह, काही म्हणा मदतीला त्याचा उपयोग झाला असेल. पण माझं म्हणणं आदल्या रात्रीचं आहे. विसर्गाचे आकडे फिरत असतात हो, इतके हजार क्युसेक सोडले, अजून वाढवणार, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, ठीक आहे, पण त्याचं मी काय करू? मला सांगा की एवढ्या हजाराला भिडे पूल जातो, एवढ्याला एकतानगरीच्या रस्त्यावर पाणी येतं, एवढ्याला पार्किंगमध्ये. हा हिशोब पाटबंधारेवाल्यांना माहीत असणार, नदीकाठच्या जुन्या लोकांना तर तोंडपाठ आहे. क्युसेकचं मराठीत भाषांतर करणं हे पत्रकाराचं काम नाही तर कोणाचं? ज्या गावाने 1961 च्या 12 जुलैला पानशेत धरण फुटल्याचा पूर बघितला त्या गावात हा तक्ता दर जूनमध्ये पहिल्या पानावर यायला पाहिजे, भिंतीला चिकटवता येईल असा. तिथं येतं मान्सून सेल.

रेडिओचं वेगळंच. आमच्या घरी आई होती तोपर्यंत पुणे आकाशवाणीच्या सात दहाच्या बातम्या लागायच्याच, त्या संपल्या की डब्यात पोळी. हे केंद्र 1953 च्या 2 ऑक्टोबरचं. 2023 च्या जूनमध्ये एक दिवस बातमी आली की पुण्याचा वृत्तविभाग बंद, बातम्या आता छत्रपती संभाजीनगरहून देणार. संभाजीनगरच्या लोकांबद्दल काही नाही माझं, पण मुठेला पाणी आलं हे त्यांनी आम्हाला सांगायचं? बोंबाबोंब झाली, सगळ्या पक्षांचे लोक बोलले, आणि निर्णय थांबवावा लागला. तेव्हा तुम्ही सगळ्या पेपरांनी ते चांगलं लावून धरलं होतं, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण मला त्यावेळी एक गंमत वाटली, बंद होणार म्हटल्यावर रडणाऱ्या किती जणांनी त्या आठवड्यात रेडिओ लावला असेल. मीसुद्धा नव्हता लावला, खोटं कशाला बोलू.

खाजगी एफएमवाले म्हणतात आम्हाला बातम्या द्यायला परवानगी नाही. खरंय, सरकारी नियमाप्रमाणे त्यांना फक्त आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. पण 2011 च्या त्याच धोरणात असंही लिहिलंय की ट्रॅफिक, हवामान, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी-वीज-आपत्तीच्या सूचना या बातम्या धरल्या जाणार नाहीत, त्या देता येतात. मग द्या की! सकाळी सातला रिक्षात, दूधवाल्याकडे, वॉचमनच्या मोबाईलवर तुम्ही वाजताय, तिथं दोन आरजे एकमेकांना हसवत बसलेत, त्यातला एक मिनिट यादी वाचा, कुठल्या टाकीवर आज काम आहे. सासूबाईवरचे जोक एक मिनिट थांबतील.

आता आमच्या भागातलं खरं मीडिया सांगतो. एक पोरगा आहे, नाव नाही सांगत, बाईकवर फिरतो, माईकला चौकोनी डबा लावलाय त्यावर स्वतःच्या यूट्यूब चॅनलचं नाव. आधी एका पेपरचा वार्ताहर होता, बातमीमागे थोडे पैसे आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती आणायचं टार्गेट, टार्गेट झालं नाही म्हणून सुटला की सोडवला ते त्यालाच माहीत. आता त्याचं पोट कशावर चालतं, तर भावी नगरसेवकांच्या वाढदिवसावर. केक, फटाके, जेसीबीवरून हार, त्याचा व्हिडिओ. त्यामुळे ज्याचा केक खाल्ला त्याच्या गल्लीतला खड्डा त्याला दिसत नाही, एवढं साधं गणित आहे. मी त्याला तोंडावर बोललो होतो एकदा, तो म्हणाला, काका तुम्ही सबस्क्राईब केलंय का? केलं नव्हतं.

पण हाच पोरगा, जानेवारी 2025 ला जीबीएसची, त्या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आली ना, तेव्हा आमच्या कामाला आला. तुम्हाला आठवत असेल, सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव, धायरी, सगळा आमचाच पट्टा. टीव्हीवर लाल पडद्यावर रुग्णांचा आकडा, मागे ढॅण ढॅण म्युझिक, नातेवाईक फोन करायचे तर आमच्याकडं चहा प्यावा की नाही इथपर्यंत मजल गेली. व्हॉट्सअपवर चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, भात खाऊ नका, मग खायचं काय तर ते कोणी सांगेना. आणि आमचा प्रश्न एकच होता, आमच्या नळाला येतं ते पाणी कुठल्या विहिरीतलं आणि त्यात क्लोरीन पडतंय का. हा पोरगा विहिरीवर जाऊन उभा राहिला, व्हॉल्व्हमनशी बोलला, कुठल्या लाईनला कुठलं पाणी जातं ते बोट दाखवून सांगितलं, कॅमेरा हलत होता, आवाज वाऱ्यात उडत होता, व्याकरणाची वाट लागलेली, पण आमची अख्खी सोसायटी तो व्हिडिओ तीन तीन वेळा बघत होती कारण त्यात 'या' नव्हता, आमच्या गल्लीचं नाव होतं. पुढे पेपरांनीही गावांची नावं, दूषित नमुने, खाजगी आरओ प्लॅन्टवरची कारवाई हे नीट छापलं, काही बातमीदारांनी खरंच मेहनत घेतली, मी कात्रणं ठेवलीत. म्हणजे जमतं हो तुम्हाला. साथ यावी लागते एवढंच.

आणखी एक. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली ती जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं मुख्यसभा नाही, स्थायी समितीत भांडणारं कोणी नाही, प्रशासकाची सही झाली की विषय मंजूर. त्या काळात पेपरवालाच आमचा नगरसेवक होता. तेव्हा महापालिकेत रोज बसून विषयपत्रिका वाचणारे किती बातमीदार होते शहरात? ज्याच्याकडं महापालिका त्याच्याकडंच आरोग्य आणि त्याच्याकडंच शिक्षण, शिवाय दिवसाला चार रील्स पाहिजेत ऑफिसला, असं एका ओळखीच्याने सांगितलं. त्या बिचाऱ्याने टेंडर कधी वाचायचं.

फुकटेपणा आमचाही आहे, तो लपवत नाही. 2020 ला लॉकडाऊनमध्ये पेपर बंद झाले, नंतर सुरू झाले तरी सरकारने पुण्या-मुंबईत घरोघर टाकायला मनाई केली, त्या काळात पेपरची पीडीएफ ग्रुपवर यायला लागली. फुकट. सवय लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये 22 घरात पूर्वी 19 पेपर यायचे, आता 5. माझ्याकडं दोन यायचे, एक बंद केला. महिन्याच्या बिलाला कुरकुर करतो आणि तेवढ्याच पैशाचा एक पिझ्झा नातू एका संध्याकाळी संपवतो. बूट विकूनच पेपर चालवायचा म्हटल्यावर बुटवाल्याचं ऐकावं लागणार हे न कळण्याइतका मी बावळट नाही, सहा वर्षं गठ्ठे उचललेत.

तरी एक मागणी करतो, खर्चाची नाही. दुसऱ्या पानावर डावीकडं खाली, रोज एकाच जागी, जाहिरात कितीही मोठी आली तरी न हलणारा एक चौकोन द्या. त्यात आज-उद्या पाणी कुठं नाही ते टाकीच्या आणि गल्लीच्या नावाने, वीज कुठं जाणार, कुठला रस्ता खणलाय आणि कधीपर्यंत, पावसाळ्यात चारही धरणांचा साठा आणि सोडलेलं पाणी, आणि हरकती-सूचना मागवल्यात त्याची शेवटची तारीख, ती नेहमी उलटून गेल्यावर कळते. तोच चौकोन पहाटे पाचला तुमच्या वेबसाईटवर टाका, वर तारीख वार आणि वर्ष मोठ्या आकड्यात, म्हणजे फोटो काढून कोणी फिरवला तरी शिळा लगेच ओळखू येईल. हेडिंगला काही नको. लोक उघडतील, रोज उघडतील, लिहून देतो. वाटल्यास त्या चौकोनाच्या खाली बुटाची जाहिरात टाका, मी बघेन.

आणि एखादी बातमी दिल्यावर महिन्याने परत एकदा त्याच ठिकाणी माणूस पाठवा. आमच्या चौकातलं ड्रेनेजचं झाकण तुमच्याकडं फोटोसह आलं होतं, 'जीवघेणे झाकण', चार कॉलम. झाकण अजून तसंच आहे, आता त्यात कोणीतरी झाडाची फांदी खोचलीये आणि फांदीला पालवी फुटलीये. याचा फोटो पाहिजे असेल तर पाठवतो.

आपला,

एक जुना पेपरवाला, किरकटवाडी

ता. क. : पत्र मोठं झालंय, कापावं लागेल हे कळतं. माझ्या पेपर टाकायच्या आठवणी कापा, आजोबा कापा, पिझ्झा कापा. फक्त किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी ही नावं राहू द्या, त्याचं 'शहराच्या पश्चिम भागातील काही परिसर' करू नका.